अपग्रेड, पण कुणाचं?

विज्ञानाच्या जोरावर माणसाच्या सगळ्या मर्यादा ओलांडायच्या, अगदी म्हातारपण आणि मृत्यूसुद्धा. या विचाराला ट्रान्सह्युमॅनिझम म्हणतात. ऐकायला सायफाय सिनेमासारखं वाटतं, पण यातले प्रश्न आपल्या घरात कधीच येऊन बसलेत.

२०३० साली तुमचं वय काय असेल? तेवीस, पंचवीस, फार तर सत्तावीस. एका माणसानं हा हिशोब आपल्या सगळ्यांच्या आधी करून ठेवला होता आणि त्यासाठी चक्क स्वतःचं नाव बदललं होतं.

फेरेदून एस्फंदियारी त्याचं नाव. जन्म १९३०, ब्रुसेल्स. वडील इराणचे राजनैतिक अधिकारी, त्यामुळे बालपण इराण, भारत, अफगाणिस्तान असं फिरतीवर गेलं. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो इराणच्या बास्केटबॉल संघात होता. पुढे लेखक झाला, न्यूयॉर्कमध्ये शिकवायला लागला आणि मग त्यानं नाव घेतलं ‘एफएम-२०३०’. २०३०मध्ये आपण शंभरी गाठणार आणि तोवर विज्ञान एवढं पुढे गेलेलं असेल की मरण हा ऐच्छिक विषय होईल, अशी त्याची पक्की खात्री होती. प्रत्यक्षात २००० साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं तो गेला. त्याचं शरीर आज अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका संस्थेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेलं आहे. कधीतरी कुणीतरी उठवेल, या भरवशावर.

‘काय वेडा माणूस!’ म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा.

हा फंडा नवा नाही

ट्रान्सह्युमॅनिझम हा शब्द आज आपल्याला ज्या अर्थानं माहीत आहे, त्या अर्थानं तो रुजवला ज्युलियन हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं. साल १९५७. हे युनेस्कोचे पहिले महासंचालक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : निसर्गानं दिलं तेवढ्यावर माणसानं थांबायचं कारण नाही, तो स्वतःच्या पलीकडे जाऊ शकतो. नव्वदच्या दशकात मॅक्स मोर, निक बोस्ट्रॉम अशा तत्त्वज्ञांनी या विचाराची रीतसर मांडणी केली. बुद्धी वाढवा, आयुष्य वाढवा, शरीर सुधारा, आणि हे सगळं ज्याचं त्यानं आपल्या मर्जीनं ठरवावं, असा त्याचा गाभा.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. सायन्सशी माझा रीतसर संबंध दहावीला संपला. तरी या विषयावर वाचायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मर्यादा ओलांडणं आपण आत्ता सुरू केलेलं नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान होतं साधारण ३२ वर्षं. आज ते सत्तरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या पणजोबांच्या हिशेबानं आपण सगळे ‘बोनस’वर जगतोय. लस, अँटिबायोटिक, स्वच्छ पाणी, चष्मा. यातलं काहीही ‘नैसर्गिक’ नाही. पण याला कुणी सायफाय म्हणत नाही, कारण ते सगळ्यांकडे आहे.

माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

आमची आजी सायबॉर्ग आहे

सायबॉर्ग म्हटलं की तुम्हाला टर्मिनेटर आठवत असेल. मला माझी आजी आठवते. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका शिबिरात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढलं आणि तिथे कारखान्यात बनलेली लेन्स बसवली. आता ती एसटीची पाटी लांबूनच वाचते आणि रस्त्यानं कोण चाललंय ते अंगणातून नावानिशी सांगते. शरीराचा एक भाग काढून तिथे माणसानं बनवलेला भाग बसवला, म्हणजे ती सायबॉर्गच झाली की! हे मी तिला समजावून सांगितलं तर ‘असंल बाई’ म्हणून तिनं विषय संपवला.

त्या लेन्सची गोष्ट मात्र भन्नाट आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या काचेचे, खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. डोळ्यानं ते तुकडे सहन केले, हे हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग तशाच प्लास्टिकचं भिंग का बसवू नये? १९४९मध्ये लंडनला त्यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली. डोळ्यात बाहेरची वस्तू कसली ठेवता, म्हणून पुढची कित्येक वर्षं बाकीच्या डॉक्टरांनी त्यांना धारेवर धरलं.

पण रिडलींची लेन्स माझ्या आजीपर्यंत कशी आली? हा प्रवास लंडनहून थेट झालेला नाही. ऐंशीच्या दशकात परदेशी लेन्स शंभर डॉलरच्या आसपास पडायची. शेतमजूर बाई ती कुठून आणणार? मदुराईच्या अरविंद नेत्रालयानं १९९२मध्ये ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना काढला आणि तीच लेन्स दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. आज त्या लेन्स शंभरहून अधिक देशांत जातात. इकडे आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले. गावोगावी शिबिरं घेतली, आदिवासी पाड्यांपर्यंत गेले. ते स्वतः आईनं दिलेल्या किडनीवर उभे राहिलेले डॉक्टर, हे तुम्हाला माहीत असेलच.

म्हणून मला वाटतं, कुठलीही मर्यादा दोनदा ओलांडावी लागते. एकदा प्रयोगशाळेत. आणि दुसऱ्यांदा सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत. पहिल्या वेळी बातमी होते. दुसऱ्या वेळी होत नाही, पण माणसाचं आयुष्य बदलतं ते तेव्हा.

दोन महिने आणि एक घाट

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या जागेत वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ लस बनवायला बसले. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. आज सोशल मीडियावर स्वतःवर प्रयोग करणारे ‘बायोहॅकर’ दिसतात ना, त्यांच्या सव्वाशे वर्षं आधी हा माणूस भायखळ्यात ते करून बसला होता. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

त्याच्या बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या.

लस नुकतीच तयार झाली होती, तिच्या चाचण्या चालू होत्या. ती लगेच पुण्यात पोचायला हवी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ही दोन्ही टोकं एकत्र ठेवून बघा. मुंबईत प्लेगची मर्यादा ओलांडली गेली होती. घाटाच्या वर ती अजून तशीच उभी होती. आज हे अंतर बोरघाटाचं राहिलेलं नाही, ते पैशाचं झालंय.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटननं ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्रानं, म्हणजे जनुकांच्या कात्रीनं, रुग्णाच्याच पेशींत बदल करून सिकलसेलवर उपचार. जगातला असा पहिलाच. सिकलसेल म्हणजे रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. तो आपल्याकडे कुठे आहे? गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, विदर्भातल्या कितीतरी घरांत. आणि कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. आपल्या देशात याच आजारासाठी २०२३मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचं पहिलं काम आहे सात कोटी लोकांची तपासणी. तिकडे जनुकं कापून जोडली जातायत आणि इकडे अजून आपल्याला कुणाला आजार आहे तेच शोधायचंय. दोन्ही एकाच काळात.

‘चांगला माणूस’ ठरवणार कोण?

आता दुसरी बाजू. ज्या हक्सलींनी हा शब्द रुजवला, तेच पुढे ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते. युजेनिक्स म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची पैदास वाढवा आणि ‘कमअस्सल’ माणसांची थांबवा, असं सांगणारा विचार. माणूस सुधारायचा म्हटलं की हा धोका सोबत येतोच. कारण सुधारायचं म्हणजे कसं, हे कुणीतरी ठरवणार. कोण?

आपल्याकडे याची प्रॅक्टिकल परीक्षा होऊन गेली आहे. सोनोग्राफीनं डोळ्यांची एक मोठी मर्यादा ओलांडली, पोटातलं बाळ दिसायला लागलं. त्यातून किती बाळ-बाळंतिणी वाचल्या! पण त्याच यंत्रात आपण मुलगी आहे का ते बघायला लागलो. गर्भलिंग निदानावर कायद्यानं बंदी आणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. तरीही सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१मध्ये होत्या ९१३ आणि २०११मध्ये उरल्या ८९४. यंत्र पुढे गेलं, डोकं तिथेच राहिलं. उद्या बाळाची जनुकं निवडायची सोय झाली, तर आपल्याकडे कुठला फॉर्म भरला जाईल ते रविवारच्या वधू-वर जाहिराती वाचून तुम्हीच सांगा. गोरा रंग, उंची, इंजिनिअर.

आणि ‘दुरुस्ती’ कुठे संपते, ‘अपग्रेड’ कुठे सुरू होतं? जर्मनीचा मार्कुस रेम हा लांब उडी मारणारा खेळाडू. चौदाव्या वर्षी अपघातात त्याचा गुडघ्याखालचा उजवा पाय गेला. कार्बन फायबरच्या पात्यावर तो धावतो आणि त्याच पायानं झेप घेतो. जून २०२१मध्ये त्यानं उडी मारली ८.६२ मीटर. दोन महिन्यांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये दोन्ही पाय असलेल्या खेळाडूनं सुवर्ण जिंकलं ते ८.४१वर. रेमला तिथे प्रवेश नव्हता. त्याच्या पात्यामुळे त्याला जास्तीचा फायदा मिळत नाही, हे सिद्ध झालं नाही म्हणून. आधी ज्याला आपण ‘बिचारा’ म्हणत होतो, त्यालाच आता ‘हा पुढे जाईल’ म्हणून थांबवतोय. रेषा सरकते ती अशी.

कोट्यवधींचं शरीर, फुकटची हवा

ब्रायन जॉन्सन तुमच्या फीडमध्ये येऊन गेला असेल. अमेरिकन टेक-उद्योजक, कंपनी विकून श्रीमंत झाला आणि आता म्हातारपण रोखण्यासाठी स्वतःच्या शरीरावर वर्षाला वीस लाख डॉलर खर्च करतो. २०२३मध्ये त्यानं आपल्या किशोरवयीन मुलाचा प्लाझ्माही चढवून घेतला. ययाती आणि पुरू आठवले ना? फायदा दिसला नाही, म्हणून ते थांबवलं.

हाच जॉन्सन भारतात आला होता. निखिल कामत यांच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग चालू असताना तो मध्येच उठून गेला. खोलीतली हवाच खराब होती, असं त्यानं नंतर जाहीर केलं. एन-९५ मास्क आणि एअर प्युरिफायर असूनसुद्धा! त्यावर भरपूर मीम्स झाली. पण यातली गंमत सोडा, मुद्दा बघा. जगातलं सगळ्यात महागडं शरीर आणि तुमचं-माझं शरीर हवा एकच घेतं. काही मर्यादा एकट्यानं ओलांडताच येत नाहीत. कितीही पैसे टाका.

उलट बाजूनं, एकट्याच्या शरीरात बसवलेली वस्तूसुद्धा एकट्याची नसते. ‘आर्गस-टू’ नावाचा कृत्रिम डोळा होता. चष्म्यावर कॅमेरा, डोळ्याच्या पडद्यावर साठ इलेक्ट्रोड. अंधांना त्यातून उजेडाचे आकार तरी दिसायचे. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी तो बसवून घेतला. पण तो बनवणारी ‘सेकंड साइट’ कंपनी अडचणीत आली, तिनं हे उत्पादनच बंद केलं. डोळा शरीरात, आणि दुरुस्त करणारं कुणी नाही. फोनचे अपडेट बंद झाले की आपण चिडतो. इथे अपडेट डोळ्याचे बंद झाले. न्यूरालिंकची चिप जानेवारी २०२४मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसली. मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या तरुणानं नुसत्या विचारानं बुद्धिबळ खेळून दाखवलं, ते बघताना अंगावर काटा आला होता. पण त्या चिपची वॉरंटी कुणाकडे, हा प्रश्न मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो.

मग विरोध करायचा का?

अजिबात नाही. कुणी म्हणेल, आधी श्रीमंतांना मिळतं, मग आपोआप स्वस्त होतं, मोबाइलचं नाही का झालं? अर्धं खरं आहे. स्वस्त होतं, पण ‘आपोआप’ नाही. कुणीतरी ते काम अंगावर घेतं. हृदयातल्या स्टेंटचं बघा. औषधाचा लेप असलेली स्टेंट लाखाच्या वर विकली जायची. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्र सरकारनं किमतीवर मर्यादा घातली आणि ती तीस हजारांच्या आत आली. स्टेंट तीच. बदल झाला तो एका सरकारी आदेशानं.

किंवा पवईचं उदाहरण घ्या. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढायच्या, त्यांची जनुकं बदलून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं, या उपचाराला कार-टी म्हणतात. अमेरिकेत त्याला तीन-चार कोटी रुपये लागतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ‘नेक्सकार-१९’ हा आपला उपचार तयार केला, ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला मान्यता मिळाली. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. हे स्वस्त नाही, माझ्या घरच्यांना तर परवडणारच नाही. पण एक पायरी उतरली. पुढची कुणी उतरवायची?

मरणाबद्दलही मला कुतूहल आहे, नाही असं नाही. फक्त सगळेच दीडशे वर्षं जगले तर निवृत्त कोण होणार आणि एमपीएससीच्या जागा निघणार कधी, हेही कुणीतरी सांगावं!

माझे तीन प्रश्न

बाविसाव्या वर्षी कुणाचं तत्त्वज्ञान पक्कं नसतं. माझंही नाही. पण अपग्रेडची कुठलीही बातमी वाचली की मी आता तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारून बघा.

पहिला : ही मर्यादा आहे असं कोण म्हणतंय? मला त्रास होतोय, की कुणीतरी मला काही विकतंय? आजीला दिसत नव्हतं, ही मर्यादा. सावळा रंग ही मर्यादा नाही.

दुसरा : बसवल्यावर सांभाळणार कोण? कंपनी बुडाली, नोकरी गेली, पासवर्ड हरवला, तर माझ्या शरीराचं काय?

तिसरा : माझ्या मागे रांगेत कोण उभं आहे, आणि त्यांचा नंबर कधी येणार?

आणि हे फक्त सायन्सवाल्यांचं काम आहे असं समजू नका. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम हात-पाय बनवण्याचा पदवी अभ्यासक्रम आहे. हा पर्याय आपल्या करिअर फेअरमध्ये कधी ऐकलाय? लॉवाल्यांनी विचारावं, बंद पडलेल्या डोळ्याला जबाबदार कोण. कॉमर्सवाल्यांनी बघावं, शंभर डॉलरची लेन्स दहावर कशी आली. आमच्यासारख्या मास कॉमवाल्यांनी पहिल्या ओलांडण्याची बातमी केली की दुसऱ्याचीही करावी.

सुरुवात घरातूनच होईल. या रविवारी जेवताना सगळ्यांना विचारा, कुणाच्या शरीरात काय काय बसवलंय? लेन्स, स्टेंट, दात, गुडघा, पेसमेकर. किती पैसे लागले, ते कुठून आणले, आणि शेजारच्या काकूंचं तेच ऑपरेशन अजून का राहिलंय? उत्तरं लिहून ठेवा. २०३०मध्ये पुन्हा विचारा आणि काकूंच्या नावापुढे काय बदललं ते बघा.